फट दिसेल तिथे

सकाळी प्रयोगशाळेत आल्यावर बाईंना आधी चहा लागायचा, माणसं नंतर. त्या दिवशी मात्र त्या पर्ससकट थेट ठोकळ्यांच्या रॅककडे गेल्या. काँक्रीटचे वीतभर लांबीचे बारा ठोकळे, प्रत्येकाला मुद्दाम पाडलेली बारीक भेग. त्यातल्या सहांमध्ये त्यांनी मातीतल्या एका जिवाणूचे बीजाणू मिसळले होते. हा जिवाणू मोठा चिवट. खायला मिळेनासं झालं की अंगाभोवती टणक कवच करून झोपतो, तो वर्षानुवर्षं. भेगेतून पाणी पोचलं की जागा होतो, पोटभर खातो आणि चुन्याचे थर टाकत भेग बुजवून टाकतो. पूल आणि पाण्याच्या टाक्या आपली डागडुजी आपणच करतील, एवढ्यासाठी बाईंनी नऊ वर्षं हाडाची काडं केली होती.

भेग बुजायला महिना लागायचा. आज चौथाच दिवस होता, आणि बाराच्या बारा भेगा बुजल्या होत्या.

"मामा, जिवाणू न घातलेले सहा कुठले?"

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे जुने मदतनीस. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "खालच्या फळीवरचे. मीच ठेवलेत. आता माझ्यावर ढकलू नका."

बाईंनी ठोकळ्यांवरून नख फिरवलं. कुठेही अडकलं नाही. 'जिवाणू चुकून दुसऱ्या ठोकळ्यांतही गेला असावा,' असं त्यांनी वहीत लिहिलं खरं, पण आनंदाने अक्षर पार वेडंवाकडं आलं.

त्या आनंदात एकच सल होता. बाईंची सहा वर्षांची लेक. घरात तिला भिंगरी म्हणत, पण चार पावलं पळाली की पोरीचे ओठ निळे पडायचे. हृदयात भोक होतं, जन्मापासूनचं. तीन आठवड्यांनी शस्त्रक्रिया ठरली होती आणि डॉक्टरांनी धोका लपवला नव्हता. "साऱ्या जगाच्या भेगा बुजवतेय, आणि घरचं एक भोक बुजवता येत नाही मला," बाई नवऱ्याला म्हणायच्या.

त्याच आठवड्यात भिंगरीला सांभाळणारी आजारी पडली, म्हणून दोन दिवस ती आईबरोबर आली. मामांनी उरलेलं ओलं काँक्रीट ताटलीत थापून दिलं. पोरीने त्यात आपला पंजा उमटवला. दुसऱ्या दिवशी ताटली कोरी होती.

"मामा, तुम्ही पुसलंत." भिंगरी रुसली.

"वाळलेलं काँक्रीट पुसायला मी काय पैलवान आहे होय गं?"

पुढे रोज काहीतरी नवीन. कपाटाच्या कुलपात किल्ली शिरेना. आत पांढरा, दगडासारखा थर. बेसिनची जाळी बुजली. सूचनाफलकावरची टाचण्यांची भोकं गेली. शुक्रवारी मामांच्या शर्टाच्या काजांत बटणं जाईनात.

"बाई, हे लक्षण बरं नाही. काय बुजवायचं आणि काय ठेवायचं, हे ह्याला कळत नाही."

"अहो, नऊ वर्षं हा आपल्याला नाचवत होता, आता स्वतः नाचतोय तर नाचू द्या की," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. रात्री झोपसुद्धा लागत नव्हती त्यांना.

शनिवारी सकाळी भिंगरीच्या उशीवर तिच्या कानातल्या दोन्ही बाळ्या पडलेल्या दिसल्या. बाई परत घालायला गेल्या, तर कानाला भोकंच नव्हती. खूण नाही, डाग नाही.

बाई आधी घाबरल्या. पण त्यापाठोपाठ त्यांना दुसरं भोक आठवलं, छातीतलं. त्यांनी लगेच दवाखान्यात फोन लावला.

डॉक्टरांनी भिंगरीच्या छातीवर यंत्र फिरवलं. पुन्हा फिरवलं. जुनी चित्रं काढून पडद्याशेजारी धरली.

"भोक नाहीये," त्या शेवटी म्हणाल्या. "मी स्वतः मोजलं होतं. आता नाहीये."

"नक्की?"

"शस्त्रक्रियेची गरज नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू, पण आज तुम्ही पेढे वाटायला हरकत नाही."

बाई एकाच वेळी रडल्या आणि हसल्या. त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

घरी पोचल्या तेव्हा भर दुपार होती, आणि नेमकी लिफ्ट बंद. भिंगरीने आईचा हात सोडला आणि जिन्यावरून धूम ठोकली. सवयीने बाई ओरडणार होत्या. ओरडल्या नाहीत.

पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या घामाने निथळत होत्या. भिंगरी दारात उभी होती. ओठ गुलाबी.

"आई, मी शेवटचा जिना तीनदा वरखाली केला. मला दमच लागत नाही."

बाईंनी तिला कवटाळलं. अंग तव्यासारखं तापलं होतं.

त्यांनी रुमाल काढून तिचं कपाळ पुसलं. मग मान.

रुमाल कोरडाच राहिला.

"गरम होतंय गं आई. खूप."

बाईंनी तिला खिडकीपाशी नेलं. पर्समधून भिंग काढलं. ते कपाळावर धरलं, गालावर धरलं, मग एकेका बोटाच्या टोकावर धरलं.

कातडी सुंदर, नितळ होती. घामाचं एकही छिद्र त्यांना सापडलं नाही.