ढब्बूचा रुसवा

"मुळीच नाही! ढब्बू कुठेही जाणार नाही!" भिंगरीने त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं.

ढब्बू म्हणजे घरातला केर काढणारा गोलमटोल यंत्रमानव. त्याला ना तोंड ना जीभ, पण चालीवरूनच सगळ्यांनी त्याचा स्वभाव ठरवून टाकला होता. आजीच्या खुर्चीपाशी तो हळूच वळे, म्हणून गुणी! काकांच्या खोलीच्या दाराशी मात्र थबके, थरथरे आणि गर्रकन पाठ फिरवी. गेले काही दिवस हेच चाललं होतं.

"उद्धट लेकाचा!" काका गरजले. "माझ्याच घरात मला पाठ दाखवतो? आज संध्याकाळीच दुकानदार घेऊन जाईल त्याला!"

सुट्टीतला भिंगरीचा सवंगडीच निघाला होता! ती धावत शेजारी गेली आणि मित्राला ओढून घेऊन आली. त्याला प्रत्येक गोष्टीत शंका यायची, म्हणून सगळे त्याला शंकासुर म्हणत.

"काकांवर रुसला असेल का रे?"

"रुसायला डोकं लागतं! याला पोटाखाली डोळे आहेत. जिना आला की खड्डा ओळखून मागे फिरतो."

"पण इथे कुठाय जिना?"

दोघं काकांच्या दाराशी पालथी पडून बघू लागली. गालिच्यावर नवंकोरं, काळंकुट्ट पायपुसणं होतं.

"काळं! त्याला तो खड्डाच वाटत असणार!" शंकासुर म्हणाला.

"थांब, बघूच!" भिंगरीने काकूची काळी शाल आजीच्या खुर्चीपुढे अंथरली. ढब्बू आला, थबकला, थरथरला आणि आजीला पाठ दाखवून पळाला!

"अगंबाई! माझ्यावरही रागावला?"

"रागावला नाही आजी, घाबरला!"

तेवढ्यात बेल वाजली. दुकानदार आला! भिंगरीने धावत जाऊन काकांच्या दारातलं पायपुसणं उचललं.

"अगं, ते राहू दे तिथेच!" काका किंचाळले. पण उशीर झाला होता. खाली, काकूच्या लाडक्या गालिच्यावर, इस्त्रीच्या आकाराचा करपलेला डाग!

"अहो!" काकू कडाडली.

"फोन आला, म्हणून जराशी टेकवली होती..." काकांचा आवाज एवढासा झाला.

वाट मोकळी होताच ढब्बू सुळकन आत शिरला आणि काकांच्या पायाला हलकेच टेकला. दुकानदार हसत हसत रिकाम्या हातांनी परत गेला.

आजीने दोघांची पाठ थोपटली. "शाबास रे पोरांनो! चूक मोठ्यांची आणि आळ मुक्या जिवावर!"

"आजी, तो जीव नाही, यंत्र..."

"तू गप रे!" काका खाली बसून ढब्बूला कुरवाळत होते. काकू अजून धुमसत होती, तिच्याकडे चोरून बघत ते म्हणाले, "बघा, कसा पायाशी आलाय! घरात निदान एकाने तरी मला माफ केलं!"