पोत्यातलं रेणुसूत्र

"सेहेचाळीस! धुण्याचा सोडा, Na₂CO₃! लिही लवकर!" शिवांगी ओरडली.

"ते कधीच झालंय," बुद्धप्रियानं वही तिच्या नाकापुढं धरली. "बत्तीस नंबर बघ. तूच आणलं होतंस!"

प्रेम खो खो हसला. "आमच्या लातूरच्या क्लासात असं चाललं नसतं!"

"तुझ्या लातूरचं कौतुक पुरे! तू आल्यापासून तीनच शोधलीस!" शिवांगी म्हणाली.

आठवीची परीक्षा संपताना मनिषा मॅडमनी सुट्टीचं काम दिलं होतं. घरातल्या पुड्या, डबे, बाटल्या धुंडाळायच्या, त्यांत कोणतं संयुग आहे ते ओळखायचं आणि वहीत त्याचं नाव व रेणुसूत्र लिहायचं. बुद्धप्रिया आणि शिवांगीनं अख्खी डोंगरवाडी पालथी घातली होती. सुट्टीला मामाकडे, म्हणजे बुद्धप्रियाच्या घरी आलेला प्रेमही त्यात सामील झाला होता.

आता तिघं पाणीपुरवठ्याच्या विहिरीजवळ लिंबाच्या सावलीत बसली होती. विहिरीतला पंप तीन दिवसांपासून अडकला होता आणि गावाचे नळ कोरडे पडले होते. हदगाव तालुक्यात कुठंही मोटार अडकली की बुद्धप्रियाच्या बाबांना, धम्मानंदना बोलावणं यायचं. आता ते चाळीस फूट खाली, घोटाभर पाण्यात उभे राहून गंजलेल्या पाइपाशी झटत होते. वीज गेली होती, म्हणून थोड्या अंतरावर जनरेटर धडधडत होता.

"केरबा!" खालून बाबांचा आवाज आला. "नट काही निघत न्हाई! कटर सोड!"

पंचायतीचे शिपाई केरबामामा दोरीला कटर मशीन बांधू लागले.

प्रेम ज्या रिकाम्या पोत्यावर बसला होता, त्याच्या आत काळं जाड प्लास्टिक होतं. त्यानं ते बाहेर ओढलं आणि तो उडालाच. "सत्तेचाळीस! आतल्या चिठ्ठीवर सूत्र आहे! नाव खरवडलंय, पण मला माहीत आहे. कॅल्शियम कार्बोनेट. चुनखडी!"

"दाखव," बुद्धप्रियानं चिठ्ठी जवळ घेतली. त्यावर छापलं होतं : CaC₂.

"हे कार्बोनेट न्हाई. कार्बोनेटला तीन ऑक्सिजन लागतात. यात एकही न्हाई."

"मग छापताना चुकलं असेल!"

बुद्धप्रियानं बोटानं मातीवर Ca आणि C लिहिलं. कॅल्शियमची संयुजा दोन, कार्बनची चार. तिरकस आकडे मांडले, तर Ca₂C यायला हवं. इथं दोनाचा आकडा भलत्याच बाजूला होता! असं कुठंतरी पाहिलंय... आणि तिला मॅडमचा तास आठवला. "या एका संयुगापुढं आपली तिरकस रीत चालत नाही बरं का! यात दोन कार्बन एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि त्या जोडीची मिळून संयुजा दोन. नाव कार्बोनेट नाही, कार्बाइड! पाणी लागलं की त्यातून ॲसिटिलीन वायू सुटतो. एक ठिणगी पुरते त्याला."

ती ताडकन उठली.

"केरबामामा! या पोत्यातलं काय केलं तुम्ही?"

"चुना हाय तो. पहाटेच विहिरीत टाकला. बजरंगशेठच्या वखारीतून आणला."

"पण आबा तर म्हणले होते, पाणी शुद्ध करायचा चुना काम झाल्यावर टाकायचा!" शिवांगी म्हणाली. सरपंच किशनराव तिचे आजोबा होते.

"आधी टाकला तर काय बिघडलं? चांगला खदखदला की! चुना विझतो तवा असंच व्हतं. पाणी बी पांढरं झालंय."

बुद्धप्रिया कठड्याकडे धावली. आतून लसणासारखा उग्र वास येत होता. खाली बाबांनी नाकाला दस्ती बांधली होती. पांढऱ्या पाण्यातून अजून बुडबुडे फुटत होते आणि कटर हळूहळू खाली चालला होता.

"बाबा! कटर चालू करू नका! बाबा!"

जनरेटरच्या धडधडीत तिचा आवाज विरून गेला. बाबांनी हात वर करून कटर धरला.

आता बोलायला वेळच नव्हता. ती जनरेटरकडे सुसाट पळाली. बाबांबरोबर कामाला जाऊन जाऊन इंजिन बंद करायचा दांडा तिला ठाऊक होता. दांडा गरम होता, हात पोळला. पण तिनं तो सगळा जोर लावून ओढला. इंजिन खोकलं, अडखळलं आणि बंद पडलं.

सगळीकडे सामसूम झाली.

"ए पोरी! काय करून राहिली?" केरबामामा धावत आले. "सोड तो दांडा!"

"न्हाई सोडणार! विहिरीत गॅस हाय, मामा! बाबांना वर काढा! कटरची ठिणगी पडली तर बाबा..."

"कसला गॅस? चुना हाय तो!"

शिवांगीनं पोतं झटकलं. घडीतून करड्या खड्यांचा थोडा चुरा पडला. प्रेमनं बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन त्यात चिमूटभर चुरा टाकला. फस्स! पाणी फसफसलं आणि तोच लसणाचा वास सुटला.

"ह्यॅ! चुना बी फसफसतोच की," केरबामामा म्हणाले, पण त्यांचा आवाज उतरला होता. त्यांनी खिशातून विडी काढली. बुद्धप्रियानं झडप घालून त्यांची काडेपेटी हिसकावली.

इंजिनचा आवाज थांबला म्हणून माणसं जमू लागली. किशनराव आले. त्यांच्यामागून मोटारसायकलवर आंब्याचे व्यापारी बजरंगशेठ आले. "माझं एक पोतं चुकून इकडं आलं म्हणं. परत न्यायला आलो."

"शेठ, पोरं म्हणतात हा चुना न्हाई," किशनराव म्हणाले.

"पोरांचं काय ऐकता सरपंच? शंभर टक्के चुना हाय! चालू करा इंजिन. गाव तहानलंय!"

"हाव, तेबी खरंच," कोणीतरी म्हणालं. केरबामामा पुन्हा जनरेटरकडे वळले.

"पोरी, बाजूला हो," किशनराव म्हणाले. "मोठ्यांच्या कामात..."

"बाबा!" बुद्धप्रियानं विहिरीकडे तोंड करून हाक मारली. "बाबा, ओ द्या!"

खालून काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं. मग तेही नाही.

तिला रडू फुटणार होतं. सगळी मोठी माणसं एका बाजूला, आणि तिच्याजवळ चिठ्ठीचा एवढासा तुकडा! तिनं डोळे पुसले आणि बजरंगशेठसमोर जाऊन उभी राहिली. काडेपेटी तिच्या मुठीत घट्ट होती.

"शेठ, चुना पेट घेत न्हाई ना?"

"न्हाई! सांगितलं ना!"

"मग चला कठड्यावर. तुम्ही सोताच्या हातानं काडी ओढा. मग मी इंजिन चालू करू देते."

बजरंगशेठचा चेहरा पांढरा पडला. ते एक पाऊल मागं सरले. मग दुसरं.

"मी... मला कशाला... ती पेटी आधी लांब फेक, पोरी!"

सगळ्यांनी ते पाहिलं. किशनरावांनीही पाहिलं.

"दोर ओढा!" ते गरजले. "धम्मानंदला वर घ्या! विड्या, मोबाइल, सगळं लांब ठेवा!"

"मी उतरतो खाली," एक जण पुढं झाला.

"कोणी उतरायचं न्हाई!" बुद्धप्रिया आडवी आली. "खाली श्वासाला हवा न्हाई. तुम्हीबी पडाल!"

नशीब, बाबांच्या कमरेला दोर बांधलेला होता. आठ-दहा जणांनी तो धरला. प्रेम आणि शिवांगीनंही मागून हात लावला. दोर कठड्यावर करकरला. एकदा बाबा कुठंतरी अडकले. "सैल सोडा! आता ओढा!" पुन्हा झटका, पुन्हा ओढ. शेवटी बाबांचं डोकं दिसलं. मान एका बाजूला लुळी पडली होती.

त्यांना उचलून लांब, वाऱ्याच्या तोंडाला आडवं केलं. बुद्धप्रियानं नाकावरची दस्ती ओढून काढली, सदऱ्याची बटणं तोडली.

"बाबा, उठा ना... बाबा..."

तिनं त्यांच्या छातीवर कान ठेवला, पण तिला स्वतःच्याच छातीची धडधड ऐकू येत होती.

मग बाबा खोकले. एकदा, दोनदा! कुशीवर वळून ते भडाभडा ओकले, आणि प्रेम आनंदानं किंचाळला, "मामा ओकले! मामा ओकले!"

किशनरावांच्या जीपनं बाबांना हदगावच्या दवाखान्यात नेलं. बजरंगशेठ मोटारसायकलकडे सटकत होते, पण तिची किल्ली शिवांगीनं केव्हाच काढून घेतली होती! वखारीत पोलिसांना अशी अकरा पोती सापडली. आंब्याची आढी झटपट पिकवायला शेठ कार्बाइड वापरत होते. त्यावर बंदी आहे, म्हणून चिठ्ठीवरचं नाव खरवडून ते चुन्याच्या पोत्यांत लपवलेलं. नाव खरवडलं, पण सूत्र कोणाला वाचता येणार, असं त्यांना वाटलं होतं.

संध्याकाळी किशनराव आणि केरबामामा दवाखान्यात आले. केरबामामांना मान वर करवेना. "माझ्या हातनं माणूस गेला असता," एवढंच ते म्हणाले.

किशनरावांनी तिघांनाही जवळ घेतलं. "मी तीस वर्षं गावाचा कारभार बघून राहिलो. आज ह्या लेकरांनी माझे डोळे उघडले. बुद्धप्रिया, तुला बाजूला हो म्हणालो, ती माझी चूक झाली. सगळ्या गावासमोर सांगणार हाय मी हे."

ते गेल्यावर बाबांनी डोळे उघडले. "इंजिन तू बंद केलंस?"

"हाव."

"कटर चालूच होईना म्हणून खालून लई शिव्या घातल्या मी."

"कोणत्या?"

"सांगण्यासारख्या न्हाईत."

प्रेम आणि शिवांगी फिस्सकन हसली. बुद्धप्रियाही हसायला लागली. बाबांनी तिचा पोळलेला तळवा उघडून पाहिला, हलकेच फुंकर घातली, आणि सकाळपासून अडवून धरलेलं सगळं रडू तिच्या डोळ्यांतून घळाघळा वाहू लागलं.