तळघरातलं शिवणाचं मशीन

लढाई चालू होती आणि गंजक्या लोखंडालाही मान आला होता. दोंडाईच्यात लोक मोडकी खुरपीसुद्धा उकिरड्यातून उकरून काढत होते. मग झुंबरबाईचं तळघर कसं सुटणार?

"माय, भंगारना गाडीवाला सांजले येई," जेवून हात धुताना तिचा मुलगा तोताराम म्हणाला. "खाले काय ठेवानं, काय देवानं, तू दखी ले. नहीतर बठ्ठंच दी टाकू."

खाली तसं होतं तरी काय? गावात पिठाची गिरणी आली तेव्हा उतरवलेलं जातं, फुटका पितळी स्टो, शेवयांचा सोऱ्या. यांचा निकाल झुंबरबाईने जागेवरच लावला होता. अडत होतं ते सुनेच्या, मंजुळाच्या शिवणाच्या मशीनपाशी. मंजुळा जाऊन आता पंधरा-सोळा वर्षं झाली होती. तिची लेक बेबाबाई लग्न होऊन पहिल्याच आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आली होती आणि उद्या परत निघणार होती.

"मोठमाय, मनी मायनं मशीन दी टाकू नको," ती आजीच्या मागेमागे फिरत होती. "तिनं दुसरं काय शे मनापाशी?"

"गंजेल शे ते. काय करशी?" झुंबरबाई म्हणाली खरी, पण तिला नातीच्या तोंडाकडे बघवेना. पोरीचा हट्ट रास्त होता. मशीन गाडीवर चढलं, तर त्याच्याबरोबर एक गोष्टही कायमची जाईल, एवढाच म्हातारीचा स्वार्थ होता.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. कंदील घेऊन ती जिना उतरू लागली, तसा वरचा उजेड मागे राहिला. खाली जुन्या ज्वारीचा वास होता, ओलसर मातीचा होता, आणि त्या दोन्हींच्या आडून येणारा आणखी एक. मशीनच्या तेलाचा.

मशीन खाली पाठवलं होतं तेही तिनेच. दुपारी झोपमोड होते म्हणून. मंजुळा बिचारी पोरीला निजवून खालीच जाऊन शिवत बसायची. आखाजी तोंडावर आली होती आणि लेकीसाठी चोळी शिवायची होती. त्या दुपारी खटखट मध्येच थांबली. मग जिन्यातून हाक आली होती, हळू, संकोचाने...

"अक्का... जराखं खाले या ना..."

झुंबरबाईच्या हातात पापडाची लाटी होती. सुनेने हाक मारायची आणि सासूने धावायचं, ही कुठली रीत? ती उठली नाही. दुसरी हाक आलीच नाही. मंजुळाला पान लागलं होतं, साप चावला होता. तोताराम दिवेलागणीला खाली गेला, तेव्हा ती काळीनिळी पडली होती. आपण हाक ऐकली होती, हे झुंबरबाईने कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून दर आखाजीच्या तोंडावर, भर दुपारी, खालून खटखट ऐकू यायची. उंदीर असतील, म्हणत तिने वर्षं काढली होती.

तिने कंदील टेकवला. मशीनवर धूळ नव्हती. चाकाला बोट लावलं, तर ते आवाज न करता फिरलं... तेल अगदी ताजं होतं. बाजूला कपड्यांची चळत नीट रचलेली होती. सर्वांत खाली दोन वर्षांच्या पोरीच्या अंगाची चोळी. तिच्यावर थोडी मोठी, तिच्यावर आणखी मोठी, आणि वरची थेट नव्या नवरीच्या अंगाची. एकही आखाजी चुकली नव्हती.

झुंबरबाई चळतीशेजारी खाली बसली. भीती नंतर आली. आधी आलं ते रडू.

"मंजुळा," ती अंधारात म्हणाली, "मी आयकेल व्हतं वं... तुनी हाक मी आयकेल व्हती. मी उठनी नही..."

तेलाचा वास जरा जवळ आल्यासारखा वाटला.

उठताना तिची नजर सुईकडे गेली. सुईखाली एक चोळी अडकलेली होती. पण ही बेबाची नव्हती. छातीला सैल, पाठीला बाक धरलेली, म्हाताऱ्या बाईच्या अंगाची. कापड कोरं होतं, घरात कधी न आलेलं. झुंबरबाईने ती न काढताच अंगाला लावून पाहिली. तंतोतंत बसली.

बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं-चोळी माहेराहून यायची रीत. झुंबरबाईच्या माहेरी तर दिवा लावायलाही कुणी उरलं नव्हतं. ते काम कुणीतरी आपल्या अंगावर घेतलं होतं.

जिन्याच्या तोंडाशी बेबा येऊन उभी होती. मागे तोताराम. "माय, काय ठरनं?"

"मशीन बेबानं शे," झुंबरबाई खालूनच म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "बाकी बठ्ठं दी टाक."

"मंग उद्या तिनासंगेच धाडू?"

तिने सुईखालच्या चोळीवरून हात फिरवला. एका बाजूला बाही लागलेली होती, दुसरी कापून शेजारीच ठेवली होती.

"उद्या नको, भाऊ," ती म्हणाली. "थोडा दम धर... अजून एक बाही लावानी ऱ्हायनी शे."