उघडी राहिलेली फाइल

विश्वास ठेवायचा तर ठेवा. कोणाच्या गळी उतरवायला मी हे सांगत नाहीये. पण हे माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडलंय, आणि शेवटी शेवटी मीही तिथे होते.

रात्र नव्हती. रविवार होता, दुपारचे तीन. तिच्या ऑफिसचा तिसरा मजला, सगळ्या खुर्च्या रिकाम्या, खिडकीतून लख्ख ऊन.

वहिनी सर्व्हरवर चालणारे प्रोग्रॅम लिहिते. लोक तिच्या कंपनीकडे लांबलचक रेकॉर्डिंग ठेवतात आणि हवं तेव्हा ऐकतात. एवढी मोठी फाइल सर्व्हरने एकदम उचलली तर तो मान टाकतो. म्हणून ती तुकड्यातुकड्याने वाचायची. एक तुकडा घ्यायचा, ऐकणाऱ्याकडे पाठवायचा, मग पुढचा घ्यायचा. याला ते लोक स्ट्रीम म्हणतात.

हे नीट चालतंय का, ते बघायला तिला एक भलीमोठी फाइल हवी होती. तिने माझ्या दादालाच माइकसमोर बसवलं.

"काय वाचू?"

"काहीही वाच. फक्त थांबू नकोस."

दादाने वॉशिंग मशीनचं माहितीपुस्तक घेतलं. दोन तास वाचलं बिचाऱ्याने! दर चार पानांनी विचारायचा, "बास का आता?" आणि ही आतून ओरडायची, "अजून थोडं!"

पुढच्या वर्षी दादा गेला. फुप्फुसं निकामी झाली. तीन महिन्यांत सगळं आटोपलं.

फोटो ढीगभर होते. आवाज मात्र कुठेच नव्हता. त्याचा फोन हॉस्पिटलच्या धावपळीत हरवला होता. वहिनीने घराचा कोपरा न् कोपरा उलथापालथा केला. आणि त्या रविवारी, जेवता जेवता, तिला ती टेस्टची फाइल आठवली.

ताट तसंच टाकून ती ऑफिसला धावली.

सर्व्हर सांभाळणारे आप्पा एकटेच ड्युटीवर होते. साठीला आलेला, भला माणूस.

"टेस्टचं फोल्डर?" आप्पांचा चेहरा उतरला. "अगं, शुक्रवारीच साफ केलं मी. जागा भरत आली होती."

"बॅकअप?"

"टेस्टच्या फाइलींचा बॅकअप कोण ठेवतं पोरी..."

वहिनी तिथेच फरशीवर बसली.

"आप्पा, काहीही करा. पाया पडते तुमच्या. त्याचं दुसरं काही उरलं नाहीये हो माझ्याकडे."

आप्पा कीबोर्डकडे वळले. बघता बघता त्यांचा हात थबकला.

फाइल पुसली गेली होती... पण जागा मोकळी झालीच नव्हती.

"कोणीतरी वाचतंय अजून," आप्पा हळूच म्हणाले.

त्यांनी तिला आणि नंतर मलाही समजावून सांगितलं. एखादा प्रोग्रॅम फाइल उघडून वाचत बसला असेल, तर तिचं नाव पुसलं तरी ती जात नाही. वाचणारा थांबला की मगच जाते. आणि मग कायमची.

"कोण वाचतंय?"

आप्पांनी दोनदा तपासलं. पलीकडे कोणीच जोडलेलं नव्हतं. तुकडे मात्र जात होते... एकामागून एक... माणूस ऐकतो अगदी त्याच वेगाने.

"आधी कॉपी करून घ्या!"

कॉपी झाली. फाइलचा आकार बरोबर आला. लावून पाहिली. घड्याळाची टिकटिक, खुर्ची करकरली, पान उलटलं...

दादाचा आवाज नाही.

तीनदा कॉपी केली. तीनदा तेच.

शेवटी आप्पांनी त्या चालू वाचनालाच हेडफोन जोडून दिला.

"...पाणी जाण्याची नळी कुठेही वाकलेली नसावी..."

दादा!

वहिनी तोंडावर हात दाबून रडली. हुंदक्यांत एक शब्दही निसटू नये, म्हणून.

मग तो म्हणाला, "बास का आता?"

इथे तिचं स्वतःचं ओरडणं ऐकू यायला हवं होतं.

ते आलं नाही.

पडद्यावर तुकड्यांचा आकडा थांबला होता... वाट बघत.

"बास का आता?" पुन्हा.

मायक्रोफोन कुठे जोडलेलाच नव्हता. तरी वहिनी पुटपुटली, "अजून थोडं."

"बरं," दादा म्हणाला.

आणि पान उलटलं.

दोन तास कधीच होऊन गेले. वाचन चालूच. फाइल वाढत होती... आणि तिच्यात कोणीही काही लिहीत नव्हतं.

वहिनी घरी गेलीच नाही. आप्पांनी त्या मशीनवर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आणि साहेबांना रोज नवी थाप मारली.

तिसऱ्या दिवशी दादाचा आवाज बसला.

पाचव्या दिवशी खोकला सुरू झाला. तोच, शेवटच्या आठवड्यातला.

"घसा दुखतोय गं."

"अजून थोडं."

"श्वास पुरत नाहीये."

"एवढंच पान, राजा. अजून थोडं."

मी फोनवर तिच्यावर खेकसले. "वहिनी, अगं हाल करतेयस त्याचे!"

"मला कळत नाही का?" ती म्हणाली. "हॉस्पिटलात मशीन काढू का म्हणून डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा 'बास' मीच म्हणाले होते. पुन्हा नाही म्हणणार. मेले तरी नाही."

नवव्या दिवशी मी डबा घेऊन गेले. तिचे डोळे पार खोल गेले होते.

"चिमे, अर्धा तास बस माझ्या जागी. त्याने विचारलं की 'अजून थोडं' म्हणायचं. दुसरं काही नाही. शपथ घे."

घेतली. तिने टेबलावर डोकं टेकलं आणि टेकताक्षणी झोपली.

मी हेडफोन चढवला.

माझाच दादा. एका शब्दानंतर दुसरा यायला केवढा वेळ लागत होता त्याला.

"बास का आता?"

"अजून थोडं," मी म्हणाले.

पान उलटलं नाही...

कितीतरी वेळ काहीच नाही...

"चिमे?"

मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला.

"ती झोपलीय?"

"हो, दादा."

"मग तू म्हण. लवकर. ती उठायच्या आत."

मी वहिनीकडे पाहिलं. झोपेतही तिने हेडफोनची वायर मुठीत धरली होती.

"म्हण ना गं, चिमे. दमलो मी."

शब्द जिभेवर होता. ओठ उघडले मी, खोटं नाही सांगत. तेवढ्यात वहिनी ताडकन उठली.

"काय म्हणाला?"

"काही नाही," मी म्हणाले. "वाचतोय."

तिने हेडफोन माझ्या कानांवरून हिसकावून घेतला आणि पडद्याकडे तोंड करून म्हणाली, "अजून थोडं."

मी जिन्याने खाली पळत सुटले. मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही.

याला आज अकरा दिवस झाले. आप्पा फोन करतात. "चालू आहे," एवढंच सांगतात. वहिनीला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही. दादाने जन्मात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी ती उठायच्या आधी माझ्याकडे चांगलं मिनिटभर होतं, आणि माझ्याने तो एक शब्द बोलवला नाही.