डावा काटा, उजवा काटा

माझ्या गोष्टींवर म्हैसूरच्या आमच्या लष्कर मोहल्ल्यात कुणी विश्वास ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका. फक्त मी बोलत असताना त्या कपाटाकडं बघू नका.

गेल्या आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, गावातल्याच विजयनगर भागातून नर्मदावैनींचा फोन आला. "पद्मनाभा, स्पीकर नुसता खरखरतोय. येऊन बघ की रे."

त्यांचे यजमान मालोजीराव माझ्या रेडिओ-स्पीकरच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. घशाच्या दुखण्यानं शेवटी त्यांचा आवाजच गेला, नुसती कुजबुज उरली. त्या कुजबुजीतच बायकोसाठी एक कॅसेट भरून ठेवून ते गेले. वैनींना त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी मुलगा रक्षित त्यांना कायमचं बेंगळूरला नेणार होता. कंबरेएवढे ते स्पीकर कुणाला तरी देऊन टाकलेले. ऐकायचं ते आजच.

बघतो तर एवढ्या थोरल्या स्पीकरांना रक्षितनं डबीएवढा अँप्लिफायर जोडलेला!

"लहान असला की स्पीकर जळत नाहीत म्हणाला तो."

"उलटं आहे, वैनी. लहानाला पूर्ण पिळला की त्याचा दम सुटतो, आवाज फाटतो. त्या फाटक्या आवाजानंच स्पीकर जळतो. मोठा लावायचा आणि हळू वाजवायचा."

दुकानातून शंभर वॅटचा घेऊन आलो. आवाजाबरोबर नाचणारे दोन काटे होते त्याला, एक डाव्या स्पीकरचा, एक उजव्याचा. तोवर दिवेलागण होत आली. वैनींनी त्यालाही हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि घराण्याच्या तलवारीशेजारी ठेवला.

मी हात मागं घेतला. पूजलेलं हत्यार त्या दिवशी चालवत नाहीत, म्हैसूरकराला हे सांगावं लागत नाही.

"उद्या लावूया?"

"उद्या मी कुठं असणार रे? सुम्ने लाव तू, काही होत नाही."

लावला. आवाज जेमतेम वाढवला. खरखर गेली. झेंडू-कापराच्या वासात हळूहळू दुसराच वास मिसळला… मालोजीराव घशाला लावायचे त्या औषधाचा. आणि डाव्या स्पीकरमधून, अगदी कानाशी बोलल्यासारखं,

"नर्मदा… येतेस?"

मी बटण शून्यावर आणलं. कुजबुज कमी झाली नाही. टेपचा, अँप्लिफायरचा, दोन्ही प्लग उपटले. कॅसेट थांबली, काट्यांमागचा दिवा विझला. अंधुक उजेडात डावा काटा मात्र पुन्हा उचलला गेला.

"येतेस ना…?"

"वैनी… बाहेर चला…" मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. रोजच्यासारखं म्हणाल्या, "थांबा की जरा. दिवा लावून येते."

देवापुढं दिवा लावला. येऊन उजव्या स्पीकरजवळच्या खुर्चीत बसल्या, डोळे मिटले. मी हाका मारल्या, खांदा हलवला… शेजाऱ्यांना बोलावून आणेपर्यंत त्यांचे हात गार पडले होते.

तेरावं झाल्यावर रक्षितनं अँप्लिफायर परत आणून दिला. तोच त्या कपाटात आहे. वायर नाही, स्पीकर नाही. रोज दिवेलागणीला डावा काटा उठतो, पडतो. जरा वेळानं उजवा. बराच वेळ चालतं त्यांचं. मी जवळ गेलो की दोन्ही एकदम थांबतात, घरात परकं माणूस आल्यावर नवरा-बायको बोलायचे थांबतात तसे.

काल मात्र मी अगदी जवळ गेलो… आणि ते थांबले नाहीत.