बोडेनझेवरचं हट्टी विमान

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात आठवडाभर राबून उरलेले शनिवार-रविवार चारुदत्त फडणिसांनी चार वर्षं एकाच ध्यासापायी घालवले होते. शंभर वर्षांपूर्वी बोडेनझे सरोवराच्या पाण्यावरून विमानं उडत. तसंच एक बांधून उडवायचं! लाकडी सांगाडा, कापडी पंख आणि चाकांच्या जागी दोन होडकी. उड्डाणाची परवानगी आज दुपारी बारापर्यंतच होती. उडालं तर विमान. नाहीतर संग्रहालयात छताला टांगलेली शोभा.

पुढच्या बैठकीवर वैमानिक बाई, फ्राउ क्नोल, वय एकाहत्तर. मागे चारुदत्त. सुरक्षा-नाव चालवायला त्यांच्या पत्नी संध्याताई. नवऱ्याच्या छंदावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. नावेचा परवाना मात्र पहिल्या फटक्यात काढला होता.

पहिला प्रयत्न. इंजिन गरजलं, फेस उसळला, किलोमीटरभर धावून विमान बदकासारखं पाण्यातच बसून राहिलं.

"आरशासारखं पाणी होडक्यांना चिकटतंय," चारुदत्त ओरडले. "लाटा कर!"

संध्याताईंनी नाव नागमोडी पिटाळली. दुसरा प्रयत्न! होडकी क्षणभर सुटली... आणि धप्प! डावं होडकं करकरलं.

तेवढ्यात किनाऱ्यावरचे नारिंगी दिवे लुकलुकू लागले. वादळाचा इशारा! आल्प्सच्या बाजूनं काळे ढग सरकत होते आणि वाऱ्यानं विमान लव्हाळ्यांच्या दाट बेटाकडे वाहायला लागलं होतं. बाराला वीस मिनिटं कमी.

फ्राउ क्नोलनी इंजिन मंद केलं. "आल्झो, तर मग हेर फडणीस, तुमच्या तक्त्यात मागच्या माणसाचं वजन बासष्ट किलो आहे. हा माणूस कोण?"

"मीच."

"कधी?"

चारुदत्तांनी खिळान्‌खिळा ग्रॅममध्ये तोलला होता. स्वतःचा आकडा तेवढा आठवणीतून टाकला होता.

"अहो, बासष्ट तुमच्या लग्नाच्या बायोडेटात होतं," नावेतून संध्याताई म्हणाल्या. "तेव्हाही खोटंच होतं. मला बघायला तुम्ही दारातून आत आलात तेव्हाच आत्या माझ्या कानात म्हणाली होती."

"आणि आज?" फ्राउ क्नोल.

"चौऱ्याऐंशी," चारुदत्त पुटपुटले.

"गेनाऊ, अगदी बरोबर. आपल्यापैकी एकानं उतरायला हवं. मला विमान चालवता येतं."

चार वर्षं चारुदत्तांनी त्या मागच्या बैठकीची स्वप्नं पाहिली होती. लव्हाळी आता पंखाला लागायच्या बेतात होती. त्यांनी पट्टा सोडला. पाय होडक्यावर ठेवला. निसटला! बर्फगार पाण्यात गटांगळी. संध्याताईंनी कॉलर धरून त्यांना नावेत ओढलं, तसं इंजिन पुन्हा गरजलं.

विमान धावलं. लाटेवर आपटलं. उजवं होडकं सुटलं. डावं सुटलं! वीतभर, हातभर, पुरुषभर... लव्हाळ्यांच्या शेंड्यांवरून कापडी पंख निघून गेले. चारुदत्त नावेत दात वाजवत उभे होते.

एक फेरी मारून फ्राउ क्नोल बाराला पाच कमी असताना बंदरात उतरल्या आणि धक्क्यावर त्यांनी उड्डाणवही पुढे केली. 'प्रवासी' या रकान्यात चारुदत्तांनी लिहिलं : 'एक. नावेत.' वजनाच्या रकान्याशी पेन अडलं.

"खरं लिहा," संध्याताई त्यांचं डोकं पुसत म्हणाल्या. "आता काही कुणी मुलगी सांगून येणार नाहीये."