निळी टाचणी, हिरवा निवडुंग

मुलांनो, डोळे मिटा बरं. मुलुंडच्या मागचा डोंगर समोर आहे असं समजा. एकोणीसशे चोपन्न सालचा चैत्र, आणि वाळल्या पानांवर चर्र चर्र वाजणारी पावलं. पुढे मार्तंडकाका, मागे त्यांची पुतणी मृणालिनी. डोंगर ओलांडून कान्हेरीची लेणी गाठायची, असा दोघांचा बेत.

वाटेत शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड लागला. घरच्या देवासारखी मृणालिनीनं त्यालाही आंघोळ घातली. फिरकीचा तांब्या पार रिकामा!

"अगं, सगळं पाणी?" काका ओरडले.

"त्याला उकडत होतं ना! आणि लेण्यांत पाण्याची टाकी आहेत, तुम्हीच म्हणालात."

काका हसले. पण पुढे वाट चुकली. ऊन डोक्यावर आलं. तहानेनं काकांना भोवळ आली, आणि एका खडकाच्या सावलीत ते मटकन खाली बसले!

मृणालिनीनं चहूकडे पाहिलं. समोर कातळावर निवडुंग उभा होता. हिरवागार, रसानं टम्म! इथं पाणी असणारच! तिनं फांदीला हात घातला.

"थांब! चीक डोळ्यांत गेला तर वाट लागेल!" काकांचा आवाज घोगरा झाला होता. "तो पक्का कंजूष आहे. पावसाळ्यात प्यालेलं पोटात साठवतो. त्याच्या पायाशी ठणठणाट! पाण्यावाचून ज्याला करमत नाही, असं कुणीतरी शोध."

असं कोण असेल? उतारावर गवताची एक काडी हलली. तिच्यावर आभाळातून निसटलेल्या दोऱ्यासारखं काहीतरी निळं बसलं होतं. पंख पाठीवर मिटलेले. चतुराची नाजूक बहीण, टाचणी!

"काका, ही तर आपल्या विहिरीवर असते!"

"अंडीच पाण्यात घालते ती. साठवण काही नाही तिच्यापाशी. जा तिच्या मागं!"

परतताना खूण दिसावी म्हणून काकांची पांढरी टोपी तिनं फांदीला अडकवली, आणि रिकामा तांब्या घेऊन निघाली. टाचणी उडे, थांबे, पुन्हा उडे. मग ती दिसेनाशी झाली. पण खाली दुसरी होती. त्याखाली दोन. मृणालिनीला वाटलं, आपण चालतच नाही आहोत, निळ्या स्वप्नातून अलगद घसरतो आहोत. सावली दाट झाली. पायांना गारवा लागला. जांभळीच्या मुळांशी ओढ्याचा डोह होता, आणि त्यावर टाचण्यांची निळी जत्रा!

तांब्या भरून ती टोपीच्या खुणेनं परत आली. पाणी पोटात गेलं तसा काकांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी वरच्या खिंडीकडे पाहिलं. "मग? कान्हेरी?"

"लेणी कुठं पळून जातायत?" मृणालिनी म्हणाली.

तिनं काकांची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली, त्यांचा हात धरला, आणि ओढ्याच्या कडेकडेनं डोंगर उतरायला लागली.